मोटर लावण्याआधी भिंतीवर एक रेघ

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. चार तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्तीत शिरली. बेसमेंट गच्च भरलं की घरातला प्रत्येक जण म्हणतो, आधी मोटर लावा. नेमकं इथेच थांबायला हवं.

बाहेरची जमीनही तितकीच भिजलेली असते. जमिनीतलं पाणी बेसमेंटच्या तळापासून दोन मीटर वर चढलं असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच रेटा सुमारे दोन टन होतो. मातीचा दाब वेगळा. आत साचलेलं पाणी भिंतीला उलट बाजूने टेकू देत असतं. तळाची गोष्ट आणखी सरळ आहे. 15 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण 360 किलो. त्याच्याखाली मीटरभर उंच पाण्याइतका दाब असेल, तर तो चौरस मीटरला 1000 किलोच्या जोराने वर ढकलतो. वरचं पाणी आपण तासाभरात उपसून टाकलं, तर त्या काँक्रीटला दाबून कोण धरणार? फरशी फुगते, भिंतीच्या बुडाशी तडे जातात.

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच फुगते. तिचे कण इतके बारीक की धरलेलं पाणी ती लवकर सोडत नाही. रस्ता कोरडा दिसला तरी भिंतीपलीकडे चिखलच असतो.

म्हणून रस्त्यावरचं पाणी ओसरू द्या. मग फूटभर पाणी काढा, पातळीवर पेन्सिलीने रेघ ओढा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी रेघेच्या वर आलं असेल, तर बाहेरचा दाब अजून उतरलेला नाही. रेघ जागच्या जागी असेल, तर पुढचा फूट.

पाण्यात पाय घालण्याआधी मात्र वीज बंद हवी. मीटर बोर्ड खालीच असेल तर त्याला हात लावू नका, वीज कंपनीच्या माणसाला बोलवा. पेट्रोल-डिझेलवरचा पंप किंवा जनरेटर बेसमेंटमध्ये कधीच चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस गुंगीत जातो आणि वरच्यांना पत्ताही लागत नाही.

हे पाणी गटाराचंही असतं, त्यामुळे गमबूट आणि हातमोजे हवेतच. ब्लीचिंग पावडर वापरताना त्यात अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. भिजलेल्या गाद्या, पुठ्ठे दोन दिवसांत बुरशी धरतात, ते आधी बाहेर काढा.

काही आठवड्यांनी भिंतीवर पांढरी भुकटी दिसेल. तो लोणा. ओल बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार सोबत आणते, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कोरड्या ब्रशने झाडत राहा. भुकटी यायची थांबेपर्यंत रंगाला हात लावू नका.