खतात उड्या मारणारे पांढरे जीव: घाबरू नका, औषध मारू नका

कंपोस्टची पिशवी उघडून कुंडीत घातली, वर पाणी दिलं, की मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे पांढरे जीव मातीवर फिरताना दिसतात. बोट जवळ नेलं की टुणकन उडतात. ‘खतात किडे निघाले’ अशी तक्रार आमच्याकडे येते ती बहुतेक वेळा यांच्याचबद्दल असते. हे स्प्रिंगटेल. ते माणसाला चावत नाहीत, निरोगी झाडाच्या वाट्याला सहसा जात नाहीत, आणि खत बिघडल्याची ती खूणही नाही. ज्या खतात ओल आहे, बुरशी आहे, कुजणारी पानं आहेत, तिथे ते असणारच.

स्प्रिंगटेलना पंख नसतात. पिसवा आणि उवांनाही ते नसतात, पण त्यांच्या पूर्वजांना होते. स्प्रिंगटेलच्या घराण्यात पंख कधी फुटलेच नाहीत. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या खडकात त्यांचा सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म सापडला आहे. त्यांचे जबडे डोक्याच्या आत दडलेले असतात, त्यामुळे बरेच अभ्यासक आता त्यांना कीटकांमध्ये न धरता कीटकांचे जवळचे नातेवाईक मानतात.

घरात भिंग असेल तर एकदा जरूर बघा. पोटाखाली दुभंगलेली शेपटी पुढच्या बाजूला दुमडून एका आकड्यात अडकवलेली असते. आकडा सुटला की शेपटी जमिनीवर आपटते आणि जीव स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट दूर फेकला जातो. त्याच्या थोडं पुढे एक आखूड नळी असते. तिच्यातून तो ओल शोषतो. अंगाला मात्र पाणी चिकटत नाही. कुंडीत पाणी साचलं की हे सगळे वर तरंगताना दिसतात ते यामुळेच.

बुरशीचे तंतू आणि कुजका पाला खाऊन ते मातीतली अन्नद्रव्यं मोकळी व्हायला मदत करतात. एखादं रसायन मातीला किती घातक आहे हे तपासायला प्रयोगशाळेत फोल्सोमिया कँडिडा नावाची पांढरी, डोळे नसलेली जात वापरतात. रसायन मिसळलेल्या मातीत ती सोडायची आणि २८ दिवसांनी पिल्लं किती झाली ते मोजायचं. कीटकनाशक मारलेल्या कुंडीत हे जीव पहिल्या फटक्यात मरतात, म्हणून आम्ही इतक्या कळकळीने नको म्हणतो. अपवादही सांगायला हवा: हिरवट, गोलसर अंगाची एक जात लसूणघासाची पानं कुरतडते, ऑस्ट्रेलियात तिचा मोठा उपद्रव आहे. पण ती पानांवर दिसते, कंपोस्टमध्ये नाही.

याच घराण्यातले आणखी दोघे मातीत खोल राहतात. प्रोट्युरा तर १९०७ पर्यंत शास्त्रज्ञांना माहीतच नव्हते. त्यांना डोळे नाहीत, मिशाही नाहीत, पुढचे दोन पाय उचलून ते मिशांसारखे वापरतात. डिप्लुरा थोडे मोठे असतात. त्यांच्या शेवटाला दोन लांब धागे किंवा चिमटा असतो. तुमच्या हातून दोघांनाही काही करायची गरज नाही. पुस्तकांना लागणारी कसरही बिनपंखी जुन्या कीटकांपैकीच आहे, पण ती घरातली. तिचा कुंडीशी संबंध नाही.

स्प्रिंगटेल फारच वाढले असतील तर कुंडीत पाणी जास्त होतंय. मातीचा वरचा दोन बोटं थर कोरडा पडेपर्यंत पाणी देऊ नका आणि बशीत साचलेलं पाणी ओतून टाका. एवढ्यावर संख्या उतरते.

खरी काळजी घ्यायची ती सिम्फिलाची. हासुद्धा पांढराच असतो, पण उडत नाही. गोमेसारखा लांबट असतो, मोठ्याला पायांच्या १२ जोड्या असतात, आणि उजेड दिसताच भराभर मातीत शिरतो. तो कोवळी मुळं खातो. खात्री करायची असेल तर बटाट्याची एक चकती ओल्या मातीवर ठेवून वर वाटी उपडी घाला आणि दोन दिवसांनी चकती उचलून खालची बाजू बघा. सिम्फिला असतील तर ते तिथे जमलेले दिसतात. आमच्या न वापरलेल्या पिशवीत ते निघाले, तर पिशवीचं तोंड घट्ट बांधून आम्हाला कळवा. पिशवी बदलून देऊ.