एच-१२ की एफ.२ए? पंख सोडा, पोट बघा

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश फ्लाइंग बोटचा (म्हणजे होडीसारख्या पोटावर थेट पाण्यात उतरणाऱ्या विमानाचा) फोटो सापडला आणि खाली कॅप्शनमध्ये ‘लार्ज अमेरिका’ लिहिलेलं असलं, तर खरं सांगायचं तर त्यावरून काहीच ठरत नाही. नाव मूळचं अमेरिकेच्या कर्टिस कंपनीच्या एच-१२ चं, पण नंतर आलेल्या फेलिक्सस्टो एफ.२ए ला पण लोक सर्रास तेच म्हणायचे आणि तो घोळ अजून चालूच आहे.

घोळ व्हायला कारणही तसंच आहे म्हणा. एच-१२ चं इंजिन, पंख वगैरे ठीक होतं पण खालची होडी कच्ची, खवळलेल्या नॉर्थ सीत तिचा टिकाव लागेना. मग इंग्लंडमधल्या फेलिक्सस्टोच्या तळावर जॉन पोर्ट या अधिकाऱ्याने पंख जवळपास तेच ठेवून होडी नवी बनवली, त्यातून एफ.२ आणि पुढे एफ.२ए आली. म्हणजे वरचा पंख लांब, खालचा आखूड, मधे दोन इंजिनं, हे दोघींचंही सेम. इंजिनावरून ओळखायला जाल तर ब्रिटिशांकडे दोन्हीत रोल्स-रॉइस ईगलच, फक्त पॉवर वेगळी, आणि पॉवर फोटोत दिसत नाही.

म्हणून पोट बघायचं. ट्रॉलीवर किंवा उताराच्या धक्क्यावर काढलेला फोटो असेल तर उत्तमच. मूळ एच-१२ च्या तळाला एकच स्टेप (पायरीसारखा आडवा टप्पा), आणि पुढच्या भागात दोन्ही बाजूंना फिन्स, म्हणजे आडव्या पट्ट्या, फुगलेल्या गालांसारख्या बाहेर आलेल्या. एफ.२ए ला स्टेप दोन, दुसरी बरीच मागे, आणि पाण्यावर घसरणारा तळ जास्त लांब. पण इथेही एक मेख आहे, काही एच-१२ ना नंतर पोर्टच्या पद्धतीची होडी बसवली होती, त्यामुळे दोन स्टेप दिसल्या रे दिसल्या की लगेच एफ.२ए म्हणून मोकळं होऊ नका.

मग कॉकपिट बघा. एच-१२ चं काचा लावलेलं बंद. एफ.२ए चं सुरुवातीला बंदच, नंतरच्यांचं उघडं. म्हणजे उघडं दिसलं तर एच-१२ बाद, बंद दिसलं तर काहीच कळलं नाही. (उघडी असून आकाराने जरा थोराड वाटली तर त्याच घराण्यातली मोठी एफ.३ पण असू शकते, तिचे पंख साधारण १०२ फूट, एफ.२ए चे ९५ च्या आसपास.)

नंबर वाचता आला तर अर्धं काम झालं. ८६५० ते ८६९९ मधला, पुढे इंग्रजी एन (N) नसलेला नंबर म्हणजे एच-१२. १४ मे १९१७ ला एल-२२ हे झेपेलिन (जर्मन हवाई जहाज) पाडणारी ८६६६ यातलीच. एन लागलेला असेल तर नंबरांची यादी काढून बसावं लागतं, कारण एफ.२ए सोबत उशिराच्या एच-१२ ना पण एन होता.

रंगाने मात्र हमखास फसायला होतं. ४ जून १९१८ ला जर्मन विमानांशी झालेल्या लढाईत चार एफ.२ए आणि एक एच-१२ एकाच फॉर्मेशनमध्ये होत्या, आणि त्यानंतर बोटींवर भडक पट्टे, चौकडी रंगवायला लागले, समुद्रात उतरावं लागलं तर लांबून सापडावी म्हणून. तेव्हा पट्टे बघून फोटो साधारण कधीचा ते कळतं, बोट कुठली ते नाही. शिवाय तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक (लाल रंग न टिपणाऱ्या) फोटो प्लेटवर लाल, पिवळा काळपट येतो आणि निळा फिका, त्यामुळे राउंडेलचा (विमानावरच्या गोल ब्रिटिश चिन्हाचा) मधला लाल ठिपका काळा आणि बाहेरची निळी रिंग राखाडी दिसते. ते बघून ‘ही कुठल्या दुसऱ्याच देशाची’ असं म्हणणारे पण भेटतात.

आणि बोट पाण्यात, स्टेप बुडालेल्या, कॉकपिट बंद, नंबर दिसत नाही असा फोटो असेल तर? नुसतं ‘लार्ज अमेरिका प्रकारातली’ लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका.