किक मारल्यावर इंजिनात काय होतं?

रखडलेला प्रकल्प असो की मंदावलेला बाजार, बातमीत 'किकस्टार्ट' हा शब्द हमखास येतो. थंडावलेल्या गोष्टीला बाहेरून एकदाच जोराचा धक्का देऊन चालू करणं, हा त्याचा अर्थ. वर्षानुवर्षं दिल्या जाणाऱ्या अनुदानाला तो शब्द शोभत नाही. तो आला मोटरसायकलवरून, आणि त्यामागचं विज्ञान मला फार आवडतं. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी बंद पेट्रोल इंजिन आपणहून सुरू होत नाही.

जर्मन संशोधक निकोलाउस ऑटोनं १८७६ मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन यशस्वी केलं. पिस्टन म्हणजे नळकांड्यात वर-खाली सरकणारा दट्ट्या, आणि त्याची वर किंवा खाली एक खेप म्हणजे एक स्ट्रोक. पिस्टन खाली येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण ओढतो, वर जाताना ते दाबतो. ठिणगीनं मिश्रण पेटतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पुन्हा वर जाताना तो जळका वायू बाहेर काढतो. चारांतला एकच स्ट्रोक काम देतो, बाकीचे तीन काम मागतात. सगळ्यात जड स्ट्रोक दाबण्याचा, कारण मिश्रण जवळपास एक-दशांश जागेत कोंबावं लागतं. चालत्या इंजिनात ही ऊर्जा मागच्या स्फोटातून येते, फ्लायव्हील या जड चाकाच्या फिरण्यात ती साठलेली असते. चार स्ट्रोकना चाकाचे दोन फेरे लागतात, म्हणून एका पिस्टनच्या इंजिनात मिनिटाला १२०० फेरे म्हणजे सेकंदाला १० स्फोट, त्यामुळे ही साठवण सेकंदाचा दहावा भाग पुरली तरी भागतं.

बंद इंजिनाला मागचा स्फोटच नसतो. म्हणून पहिला दाब पायानं द्यायचा. किकची दांडी दातेरी चाकांमार्फत क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, फिरवते आणि इंजिनानं वेग घेतला की तिची जोडणी सुटते. ठिणगी मात्र पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी पडते. किक अर्धवट मारली तर पिस्टन माथा ओलांडत नाही, क्रँक उलटा फिरतो आणि दांडी पायावर उसळते.

एकदा फिरवलं की इंधनाशिवाय कायम चालणाऱ्या यंत्रांचे व्हिडिओ सतत पसरत असतात. ती निव्वळ फसवणूक आहे. फ्लायव्हील घातलेलीच ऊर्जा परत देतं, तीही घर्षणाचा वाटा कापून.

जुन्या मोटारी सुरू करायला हातानं फिरवायची हँडलंही अशीच उसळून हात मोडत. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगची विजेची स्टार्टर मोटर आली. तिला काही सेकंदच राबायचं असतं, हे त्यानं ओळखलं, म्हणून लहान मोटरवर तेवढ्यापुरता भरमसाट भार टाकता आला. गाडी सुरू होत नसेल तर स्टार्टर सलग दाबून धरू नये, तो तापून जळू शकतो.