प्रदर्शनाच्या टेबलावरची ऊर्जाबचत: सातारा-सांगलीतील विद्यार्थी प्रयोगांची पार्श्वभूमी

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या तालुका विज्ञान प्रदर्शनात ऊर्जा आणि पर्यावरणाच्या टेबलांवर काही गोष्टी हमखास भेटतात. अंधार पडला की लागणारा रस्त्यावरचा दिवा, टाकी भरली की बंद होणारी मोटर, सौर पेटी, पाऊल पडले की वीज देणारी फरशी, उसाच्या पाचटाचा कोळसा आणि टेबल फॅनसमोर गरगरणारी पवनचक्की. हा संच कुणी बसून ठरवलेला नाही. प्रत्येक वस्तूमागे त्या काळातली एखादी टंचाई, एखादी सरकारी योजना किंवा बाजारात स्वस्त झालेला एखादा पार्ट उभा आहे.

या भागाला यंत्रांची ओळख तशी जुनी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला. तीच आजची किर्लोस्करवाडी. १९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडीला काचकारखाना आला आणि पुढे तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला. साताऱ्यात १९२२ पासून कूपरांच्या कारखान्यात लोखंडी नांगर आणि नंतर इंजिने बनू लागली. तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याची फाळणी होऊन दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. या कारखान्यांमुळे लेथ, ओतकाम आणि वेल्डिंग येणारी माणसे गावोगाव तयार झाली. शाळेच्या मॉडेलला बेअरिंग बसवून देणारा मेस्त्री आजही सहज सापडतो, त्याची मुळे तिथे आहेत. दुसरी बाजू रयत शिक्षण संस्थेची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापलेली ही संस्था १९२४ मध्ये साताऱ्यात आली. 'कमवा आणि शिका'मुळे शेतात राबत शिकणे ही इथे लाजेची गोष्ट राहिली नाही.

कोयनेची वीज १९६२-६३ मध्ये सुरू झाली. धरण पाटण तालुक्यात, पोफळीचे वीजगृह मात्र घाटाखाली रत्नागिरी जिल्ह्यात, आणि तारा निघाल्या मुख्यतः मुंबई-पुण्याच्या दिशेने. ऊर्जेचा प्रश्न शाळेच्या टेबलावर यायला मात्र आणखी दहा वर्षे जावी लागली. मुलांचे पहिले राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन एनसीईआरटीने १९७१ मध्ये भरवले आणि १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. त्यानंतर 'पर्यायी ऊर्जा' हा विषय यादीतून कधी गेलाच नाही. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला. सौर पेटी आणि गोबरगॅस यांना अनुदाने मिळू लागली, १९८३-८४ पासून सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू झाला. महाराष्ट्रात १९८५ च्या सुमारास 'मेडा' ही राज्याची ऊर्जा विकास संस्था आली. सौर पेटी आणि बिनधुराची चूल शाळेत पोचली ती याच वाटेने.

सौर पेटी दिसायला सोपी आणि फसायला त्याहून सोपी. आतला डबा साधारण ४५ सेंमी चौरस, ॲल्युमिनियमचा, आतून काळा, त्याभोवती ५ सेंमी काचलोकर किंवा भाताचा कोंडा, वर दोन काचा, मधे २ सेंमी हवा, झाकणाला आरसा. मुले काचलोकरीऐवजी थर्माकोल लावतात. चांगल्या उन्हात रिकामी पेटी १०० अंशांच्या वर जाते आणि त्याआधीच थर्माकोल मऊ पडून आक्रसतो. फट पडते, गरम हवा निघून जाते आणि दोष उन्हाला दिला जातो. दुसरी चूक रंगाची. चमकदार काळा ऑइल पेंट वास सोडतो आणि काचेवर धूसर थर धरतो. मॅट रंग देऊन पेटी दोन दिवस रिकामीच तापवायची, मग त्यात डाळ-तांदूळ ठेवायचे.

चुलीचे मोजमाप याहून सरळ आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. कोरड्या लाकडात किलोला साधारण १६ हजार किलोज्यूल असतात. तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता १० टक्के धरली तर लिटरमागे २०० ग्रॅम सरपण जाते. नवी चूल 'निम्मे सरपण वाचवते' असे फलकावर लिहायचे असेल, तर वजनकाटा आणि थर्मामीटर टेबलावर हवेत. महाबळेश्वरच्या शाळेने पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते हेही ध्यानात ठेवावे, नाहीतर १०० ची वाट पाहत सरपण संपेल.

अनुदानाच्या या काळात खरे संशोधन शाळांच्या शेजारीच चालले होते. फलटणला १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू झाली. १९८० च्या दशकापासून अनिल राजवंशी यांच्या नेतृत्वाखाली तिथे पाचटासारख्या हलक्या पालापाचोळ्यापासून जळाऊ वायू करणारा गॅसिफायर, 'नूरी' कंदील आणि विजेवरची सायकल रिक्षा यांवर काम झाले. आनंद कर्वे यांनीही काही वर्षे फलटणला काम केले. पुढे त्यांनी पुण्यात १९९६ मध्ये उभारलेल्या 'आरती' या संस्थेला पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यातल्या प्रदर्शनांत पाचटाच्या कोळशाच्या कांड्या आल्या त्यानंतर.

आमच्या मते या दोन जिल्ह्यांना सगळ्यात जवळचा विषय हाच. ऊस तुटून गेला की एकरी तीन-चार टन पाचट मागे राहते आणि बऱ्याच ठिकाणी त्याला काडी लावली जाते. मॉडेल करायला २०० लिटरचा लोखंडी बॅरल, बुडाला भोके, घट्ट झाकण आणि चिमणी पुरते. पाचट कडकडीत वाळलेले हवे आणि थरावर थर दाबून भरायला हवे. सैल भरले तर मधे हवा खेळते आणि कोळशाऐवजी राख हाती लागते. पांढरा दाट धूर निघतो तोवर आतले पाणी आणि वायू बाहेर पडत असतात. धूर विरळ आणि निळसर झाला की बुडाची भोके मातीने लिंपून बॅरल बंद करायचा आणि पूर्ण थंड होईपर्यंत, म्हणजे शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत, उघडायचा नाही. घाईत उघडला की हवा लागून कोळसा पुन्हा पेटतो. बाहेरून उष्णता देणाऱ्या भट्टीत तीन-चार किलो पाचटामागे एक किलो कोळसा निघतो. उघड्या बॅरलमध्ये त्याहून कमी, कारण पाचटाचाच काही भाग इंधन म्हणून जळतो.

भुकटी झाल्यावर तिच्यात पिठाची शिजवलेली खळ मिसळायची. खळीतले कोरडे पीठ भुकटीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के असावे. कमी पडले तर कांडी वाहतुकीत फुटते, जास्त झाले तर पेटताना धूर येतो, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच गेले. सावलीत वाळवलेली कांडी वरून कोरडी आणि आतून ओली राहते. दोन-तीन दिवस कडक ऊन लागतेच. पाचटात सिलिका असल्याने राख लाकडी कोळशापेक्षा जास्त पडते, हे परीक्षकाने विचारण्याआधीच सांगून टाकावे.

जाळण्यापेक्षा कुजवणे बरे, असे म्हणणारा गट प्रत्येक प्रदर्शनात असतो आणि त्याची बाजू भक्कम आहे. फलटण तालुक्यातच पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. शेतातल्या शेतात पाचट कुजवण्याची शिफारस अशी: एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू संवर्धन. युरिया का, हे मुलांना ठाऊक हवे. पाचटात कार्बन भरपूर, नत्र कमी. जिवाणूंना नत्र बाहेरून दिले नाही तर ते जमिनीतले ओढतात आणि खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेले पुढचे पीक, पिवळा पडतो.

१९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. तिने मॉडेलऐवजी मोजणीला महत्त्व दिले: गावाचा प्रश्न घ्या, नोंदी ठेवा, निष्कर्ष मांडा. प्रदर्शनांनी हा धडा फारसा घेतला नाही. तिथे दिवा लागला की टाळ्या पडतात, आणि दिवे लावणारी मॉडेले फोफावली ती भारनियमनाच्या वर्षांत, साधारण २००५ नंतर. एलईडी, एलडीआर (उजेडात ज्याचा रोध कमी होतो तो पार्ट), रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि ५५५ आयसी (टायमरची चिप) तोवर सांगली-मिरजेच्या दुकानांतही सुटे मिळू लागले होते.

आपोआप लागणाऱ्या दिव्याचे सर्किट जुने आहे, बिघडण्याच्या तऱ्हाही ठरलेल्या. १२ व्होल्टच्या पॉझिटिव्हवरून १ के (किलोओहम) रेझिस्टर आणि ४७ के प्रीसेट, म्हणजे फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर, बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला, बेसवरून एलडीआर ग्राउंडला, कलेक्टरमध्ये रिले. उजेडात एलडीआरचा रोध कमी असतो, बेसचा करंट ग्राउंडला निघून जातो, दिवा बंद, अंधारात उलटे. ४७ के ऐवजी १०० के प्रीसेट पूर्ण वर नेला तर बेसला करंट पुरत नाही आणि रिले अर्धवट ओढून गुणगुणतो. रिलेच्या कॉइलवर १एन ४००७ डायोड उलटा जोडला नाही, तर रिले सुटताना येणाऱ्या व्होल्टेजच्या झटक्याने ट्रान्झिस्टर जातो. सगळ्यात नेहमीचा घोटाळा मात्र वेगळाच: दिव्याचा उजेड त्याच एलडीआरवर पडतो, दिवा विझतो, अंधार होतो, पुन्हा लागतो. एलडीआरवर काळी नळी बसवून तिचे तोंड आकाशाकडे करायचे. तरी तिन्हीसांजेला रिले थडथडतोच. त्याला लागण्याची आणि विझण्याची पातळी वेगळी ठेवणारे सर्किट लागते, ५५५ वर ते सहज जमते. २० वॅटचा दिवा दिवसाचे १२ तास उगाच जळला तर पाव युनिटला थोडे कमी जाते. अशा ५० दिव्यांमागे रोज १२ युनिट.

टाकीच्या मॉडेलमध्ये तांब्याच्या तारा पाण्यात सोडतात. डीसीमुळे महिन्याभरात त्या हिरव्या पडून झिजतात. स्टीलच्या सळ्या वापरा, नाहीतर सरळ फ्लोट स्विच लावा.

२००८ च्या अखेरीस केंद्राच्या विज्ञान विभागाने 'इन्स्पायर' योजना आणली. २०१६ पासून तिच्यातला शालेय भाग 'मानक' या नावाने राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या मदतीने चालतो. शाळेने विद्यार्थ्यांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या, निवड झाली की मॉडेलसाठी १० हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात. त्याच वर्षी अटल टिंकरिंग लॅब आल्या, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान घेऊन. आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), सेन्सर आणि थ्रीडी प्रिंटर खेड्यात पोचले हे मोठेच काम. पण पैशाबरोबर तयार किटचा बाजारही आला, आणि एकच मॉडेल तीन तालुक्यांत तीन नावांनी दिसू लागले.

पायाखालच्या विजेचे मॉडेल याच लाटेतले. ६० किलोचा माणूस फरशी ५ मिमी दाबतो तेव्हा जास्तीत जास्त ३ ज्यूल काम होते. ९ वॅटचा एलईडी तासभर लावायला ३२,४०० ज्यूल लागतात. काहीही वाया न जाता अकरा हजार पावले झाली. गाडी गेली की वीज देणाऱ्या गतिरोधकातली वीज तर गाडीच्या पेट्रोलमधूनच येते. मोटरने डायनामो आणि डायनामोने तीच मोटर फिरवणारे 'मोफत वीज' मॉडेल आजही एखाद्या टेबलावर असते. लपवलेली बॅटरी शोधायची, एवढेच परीक्षकाचे काम उरते.

पवनचक्कीत खोट नाही, जागेत असते. चाळकेवाडी, वनकुसवडेचे पठार किंवा ढालगावचा माळ पाहिलेल्या मुलांना ती सुचणारच. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. एक मीटर व्यासाचे पाते सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात साधारण ९ वॅट देईल, ८ मीटर वाऱ्यात ७० च्या आसपास. दरीतल्या शाळेच्या गच्चीवर पहिला आकडाही क्वचित मिळतो. म्हणून मॉडेलसमोर ६० वॅटचा टेबल फॅन ठेवून एक एलईडी लावतात आणि त्यालाही ऊर्जाबचत म्हणतात.

शेतीपंपावर मात्र मुले फार कमी काम करतात, आणि इथल्या विजेचा मोठा वाटा तर तिथेच जातो. किर्लोस्करवाडीत पहिला सेंट्रिफ्युगल पंप १९२६ मध्ये बनला, तेव्हापासूनचा हा शेजार. ५ अश्वशक्तीच्या मोटरला २ केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचे माप) चा कपॅसिटर लावला की बिल तिसऱ्या हिश्शाने घटते, असे फलक दिसतात. ते चूक आहे. कपॅसिटरने लाइनचा करंट कमी होतो, डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, भार आणि व्होल्टेजची घसरण कमी होते. मीटर मोजतो ते युनिट जवळपास तेवढेच राहतात. युनिट वाचतात पाइपात. तेवढेच पाणी ६३ ऐवजी ७५ मिमी आतल्या व्यासाच्या पाइपातून नेले तर घर्षणात जाणारा दाब निम्म्याहून कमी होतो.

मोजायला महागडे काही लागत नाही. घरच्या मीटरवरचा छोटा दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो, म्हणजे किती ब्लिंक, हे छापलेले असते, बहुधा ३२००. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त पंप चालवायचा. मिनिटाला ४८ ब्लिंक आले तर पंप ०.९ किलोवॅट घेतोय. २०० लिटरचा बॅरल भरायला चार मिनिटे लागली, म्हणजे १९२ ब्लिंक, ०.०६ युनिट, हजार लिटरला ०.३ युनिट. मग पंपाच्या पाण्यात बुडालेल्या टोकाच्या फूट व्हॉल्व्हची जाळी साफ करून तोच बॅरल पुन्हा भरायचा. एकूण ब्लिंक कमी झाले तर तेवढी बचत फलकावर लिहायची. नाही झाले तर सक्शनचे (पाणी ओढणाऱ्या पाइपाचे) सांधे आणि ग्लँडची, म्हणजे पंपाच्या दांड्याभोवतीच्या सीलची, गळती तपासायची.