सवय लागायला २१च दिवस लागतात का?

"कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस करा, सवय लागते, एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा." हा मेसेज आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलाय, पुढेही पाठवलाय.

हा आकडा अगदीच हवेतून आलेला नाही. १९६० साली एका प्लास्टिक सर्जनने पुस्तकात नोंदवलं होतं की, बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना साधारण किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगोवांगी त्यातला 'किमान' गळला आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, वाचन, लवकर उठणं असं काहीही आलं.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९६ जणांनी रोजची एकेक नवी कृती निवडली आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. पण कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर रुळली, व्यायामाला वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. (मला यातलं हेच सगळ्यात दिलासादायक वाटतं.)

स्वतःवर पडताळायचं असेल तर दात घासल्यावर लगेच करता येईल अशी एखादी छोटी कृती निवडा. रोज रात्री वहीत लिहा: आज ती आठवून, मनाला ढकलून करावी लागली, की आपोआप झाली? 'आपोआप' सलग आठवडाभर आलं की तारीख बघा. तो तुमचा आकडा.