व्हेनिअर, लॅमिनेट, कॅप : एका शब्दाचा घोळ

दात पांढरे म्हणजे देखणे, असं आपल्याकडे नेहमीच नव्हतं. दातवण लावून दात काळे करण्याची चाल महाराष्ट्रातल्या बायकांत होती. आज दवाखान्यात दात देखणे करण्याच्या उपचारांची, व्हाइटनिंगपासून कॅपपर्यंतची, जी यादी समोर येते, तिचा धागा मात्र १९२८ च्या सुमाराच्या कॅलिफोर्नियातून निघतो. तिथे सिनेनटांच्या दातांवर चित्रीकरणापुरते पातळ पापुद्रे बसवत, तेही कवळी चिकटवायच्या पावडरीने. दात तासायचा प्रश्नच नव्हता. शॉट संपला की पापुद्रे काढून ठेवायचे.

ते कायमचे बसवायचे तर गोंद हवा होता, आणि तो यायला पन्नासेक वर्षं लागली. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत. १९५५ मध्ये तीच युक्ती दातावर केली गेली : ८५ टक्के आम्ल, ३० सेकंद. इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरावर, सूक्ष्म खाचा पडल्या आणि रेझिन (चिकटवायचं प्लास्टिकसारखं द्रव्य) त्यांत घट्ट धरलं. आता हेच काम ३५-३७ टक्के आम्ल १५ ते ३० सेकंदांत करतं. साठच्या दशकात कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं भरण, आलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सेलिनची आतली बाजूही हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत करून, सिलेन हे जोडणारं रसायन लावून चिकटवता येते हे दिसलं. आजचं व्हेनिअर, म्हणजे आपल्याकडचं लॅमिनेट, तेव्हापासूनचं.

यातली एक गोष्ट विसरली गेली. गोंद खरा टिकतो तो इनॅमलवर. इनॅमल जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं. त्याखालच्या दंतिनात पाणी आणि प्रथिनं असल्याने तिथली पकड वर्षागणिक सैल होते. म्हणून समोरून ०.३ ते ०.७ मिमी एवढंच तासायचं, आणि हिरडीजवळ इनॅमल मुळात पातळ असल्याने तिथे ०.३ च्या पुढे जायचं नाही. खाली पिवळसर दंतिन दिसू लागलं की पापुद्रा सुटण्याची आणि कडेने डाग धरण्याची वाट उघडली.

अजिबात न तासता बसवायचे पापुद्रेही निघाले. फटी असलेल्या किंवा आखूड दातांवर ते शोभतात. पुढे आलेल्या दातावर बसवले तर दात जाड दिसतो, हिरडीजवळ कंगोरा राहतो, तिथे अन्न साचतं आणि ब्रश करताना रक्त येतं.

शब्दाचा घोळ याहून जुना आहे. कृत्रिम दातांच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत दात चारी बाजूंनी झाकणाऱ्या टोपीलाही ‘फुल व्हेनिअर क्राउन’ म्हणत. तिथे व्हेनिअरचा अर्थ नुसता ‘आवरण’. पुढे तो शब्द पातळ पापुद्र्याला चिकटला, आणि आता जाहिरातींतून पुन्हा कॅपकडे सरकतो आहे. ‘३६० डिग्री व्हेनिअर’ म्हणजे सरळसरळ कॅप. तिच्यासाठी दात सगळीकडून एक-दीड मिमी तासावा लागतो. २००२ मधल्या एका मोजमापात पापुद्र्यासाठी दाताचा ३ ते ३० टक्के भाग जातो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के, असं निघालं. विशीतल्या दातात नसेची पोकळी मोठी असते, त्यामुळे एवढं तासलं की नस दुखावण्याचा आणि पुढे रूट कॅनालचा धोका वाढतो. तुर्कस्तानात स्वस्तात दात करून आलेल्या ब्रिटिश तरुणांचे खुंटीसारखे तासलेले दात गाजले, ते याच घोळापायी. किडलेल्या, मोडलेल्या दाताला कॅप योग्यच. नुसत्या पिवळेपणासाठी धड दाताला ती घालणं आम्हाला पटत नाही.

झिरकोनिया या कॅप-लॅमिनेटच्या कणखर पांढऱ्या पदार्थाने आणखी एक भर घातली. त्यात काच नसल्याने हायड्रोफ्लोरिक आम्ल त्याला खरखरीत करत नाही. अ‍ॅल्युमिनाच्या ५० मायक्रॉनच्या बारीक कणांचा मारा करून फॉस्फेट असलेला प्रायमर लावावा लागतो. पोर्सेलिनचीच कृती वापरली की पापुद्रा अख्खाच्या अख्खा हातात येतो.

व्हाइटनिंगची कथा सरळ आहे. १९८९ पासून रात्री ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड घालून झोपण्याची पद्धत रुळली. त्यातून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. हे कोणी करायचं यावर मात्र भांडणं झाली. युरोपात २०१२ पासून ०.१ ते ६ टक्क्यांपर्यंतचं पेरॉक्साइड दंतवैद्यामार्फतच, तेही १८ वर्षांवरच्यांनाच. अमेरिकेत मॉलमधल्या व्हाइटनिंगच्या दुकानांना रोखू पाहणाऱ्या एका राज्याच्या दंत मंडळाचा, आपल्याला स्पर्धेचा कायदा लागू नाही हा युक्तिवाद २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या डागांचा विचार वेगळा. डाग आणि पाणी यांचा संबंध कोलोरॅडोत दिसला आणि १९३१ मध्ये कारण फ्लोराइड ठरलं. तपकिरी डाग इनॅमलच्या वरच्या थरात असेल, तर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्युमिसच्या (ज्वालामुखी दगडाच्या) भुकटीने तो घासून काढण्याची पद्धत ऐंशीच्या दशकापासून आहे. खडूसारख्या पांढऱ्या डागात पातळ रेझिन जिरवण्याची त्यानंतरची. दोन्ही लॅमिनेटच्या आधी करून पाहण्यासारख्या, पण यादीत त्यांचं नाव क्वचित दिसतं. लॅमिनेट लावायचंच ठरलं, तर असं इनॅमल आम्लाला दाद देत नाही, म्हणून आम्ल जास्त वेळ ठेवावं लागतं.

क्रमही महत्त्वाचा. फिलिंग, कॅप, लॅमिनेट व्हाइटनिंगने उजळत नाहीत, म्हणून व्हाइटनिंग आधी. शिवाय दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला घट्ट होऊ देत नाही, म्हणून चिकटवण्याआधी दोन आठवडे थांबायचं. शेड, म्हणजे दाताची रंगछटा, घ्यायची ती त्यानंतर आणि तपासणीच्या सुरुवातीलाच. तोंड उघडं ठेवून दात सुकला की तो असतो त्याहून पांढरा दिसतो, आणि त्या शेडचं लॅमिनेट शेजारच्या दातांत उपरं वाटतं.