डीव्हीडी चित्रणाचे रूपांतर : आस्पेक्ट रेशो आणि रेझोल्यूशन

डीव्हीडीवरील चित्रण संगणकाच्या फाइलमध्ये उतरवताना रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातील पिक्सेलांची आडवी-उभी संख्या, आणि आस्पेक्ट रेशो, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या चित्राच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण, या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. मोबाइलवर काढलेल्या फोटोत पहिली कळली की दुसरी आपोआप कळते. डीव्हीडीत तसे होत नाही, कारण तिचा पिक्सेल चौरस नसतो. मुंबईत घरोघरी कपाटात जपून ठेवलेल्या लग्नाच्या, मुंजीच्या आणि नाटकांच्या डीव्हीडी फाइलमध्ये उतरवल्यावर माणसे उभट किंवा फुगीर दिसू लागतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

डीव्हीडी 1996 साली जपानमध्ये बाजारात आली, पण तिच्यावरील चित्राचे माप त्याआधीच ठरून गेले होते. दूरचित्रवाणीचे संकेत अंकीय करण्यासाठी 1982 साली जे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यात सेकंदाला 1 कोटी 35 लाख नमुने घेण्याचा वेग निवडला गेला, कारण तो युरोपातील 625 ओळींच्या आणि अमेरिका-जपानमधील 525 ओळींच्या अशा दोन्ही पद्धतींत बसत होता. त्यामुळे दोन्हीकडे एका ओळीत 720 पिक्सेल आले, पण दिसणाऱ्या ओळी मात्र एकीकडे 576 आणि दुसरीकडे 480 राहिल्या. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झाले ते पाल या 625 ओळींच्या पद्धतीने; म्हणून इथल्या कॅमेऱ्यांतून निघालेल्या घरगुती डीव्हीडी सहसा 720×576 मापाच्या आणि सेकंदाला 25 फ्रेमच्या, म्हणजे पूर्ण चित्रांच्या, असतात. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या अनेक डीव्हीडी मात्र 720×480 मापाच्या, एनटीएससी या 525 ओळींच्या पद्धतीच्या निघतात. म्हणून कोणतीही डिस्क हाती आली की तिची पद्धत आधी पाहावी, गृहीत धरू नये.

720 ला 576 ने भागले तर 1.25 येते. हे प्रमाण 4:3 नव्हे आणि 16:9 तर नव्हेच. मूळ चित्राचा आकार कोणता, हे डिस्कवर एका खुणेच्या रूपाने नोंदलेले असते आणि प्लेअर ती खूण वाचून प्रत्येक चित्र हवे तितके रुंद करून दाखवतो. पाल डीव्हीडीचे 4:3 चित्र चौरस पिक्सेलांत मांडले तर ते 768×576 होते, 16:9 चित्र 1024×576 होते. एनटीएससीत हीच मापे 640×480 आणि सुमारे 854×480 अशी येतात. फाइल बनवताना ही खूण गळून पडली की चित्र 720×576 असे जसेच्या तसे दिसते, आणि लॅपटॉपवर वधूवर अचानक सडपातळ होतात.

याची पारख करायला गणितापेक्षा चित्रातलीच एखादी गोल वस्तू अधिक उपयोगी पडते. लग्नाच्या चित्रणात मुहूर्ताच्या आधी कॅमेरा एकदा तरी हॉलच्या भिंतीवरील घड्याळाकडे वळतो. त्या क्षणी चित्र थांबवून तबकडी मोजावी. ती 576 ओळींच्या मूळ चित्रात 200 ओळी उंच असेल, तर 4:3 चित्रणात तिची रुंदी सुमारे 183 पिक्सेल भरते आणि 16:9 चित्रणात जेमतेम 137 भरते, कारण पहिल्यात प्रत्येक पिक्सेल उंचीपेक्षा सुमारे 9 टक्के, तर दुसऱ्यात सुमारे 45 टक्के रुंद धरलेला असतो. रूपांतरानंतर तबकडी 200 पिक्सेल रुंद आणि तितकीच उंच आली पाहिजे. घड्याळ समोरून टिपलेले असावे, इतकीच अट आहे. चौरंगावरचे ताम्हन वरून तिरके दिसते, त्यामुळे ते मापासाठी निरुपयोगी ठरते.

इथे एक बारीक पेच आहे. 720 पिक्सेलांची पूर्ण रुंदी म्हणजे 4:3 चित्र, की मधले सुमारे 704 पिक्सेल म्हणजे 4:3 चित्र? दूरचित्रवाणीच्या मूळ हिशेबाप्रमाणे दुसरे उत्तर बरोबर आहे; घड्याळाचे वरचे आकडे याच हिशेबाचे आहेत, तर 768 आणि 1024 ही मापे पूर्ण 720 धरून येतात. दोन्ही कडांचे प्रत्येकी आठ पिक्सेल ही केवळ सोय असते आणि म्हणूनच अनेक डिस्कवर तिथे बारीक काळी पट्टी आढळते. पण डिस्क बनवणाऱ्या काही सॉफ्टवेअरांनी पूर्ण 720 पिक्सेल 4:3 मानले. दोन्ही रीतींत फरक सव्वादोन टक्क्यांचा पडतो आणि तो डोळ्यांना सहसा जाणवत नाही. घरगुती कामात कोणतीही एक रीत धरावी. मात्र एकाच समारंभाच्या तीन डिस्क असतील तर तिन्हींसाठी तीच ठेवावी.

खरे नुकसान होते ते काळ्या पट्ट्यांच्या हाताळणीत. रुंद चित्र 4:3 चौकटीत बसवण्यासाठी वर-खाली काळ्या पट्ट्या घातलेल्या असतील, तर 16:9 चित्राच्या वाट्याला 576 पैकी 432 ओळीच येतात; तेच चित्र 16:9 खुणेसह आडवे दाबून साठवले असेल तर सर्व 576 ओळी कामी येतात. म्हणजे दोन डिस्कवर एकच दृश्य सारखेच रुंद दिसत असले, तरी पहिलीत तपशील पाव हिश्शाने कमी असतो आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. पट्ट्या कापून टाकणे योग्यच आहे, पण कापल्यानंतर चित्र 4:3 राहत नाही, हे लक्षात घ्यावे लागते. 720×576 मधून वरच्या-खालच्या 72-72 ओळी गेल्या की उरलेल्या 720×432 चित्राचा आकार 16:9 होतो. अशा वेळी सॉफ्टवेअरला पुन्हा 4:3 सांगितले, तर बरोबर असलेले चित्र बिघडते. एकदा दुरुस्त केलेले प्रमाण पुन्हा दुरुस्त करणे, ही या कामातली सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

चित्राची उंची बदलण्याआधी इंटरलेसचा, म्हणजे एक फ्रेम निम्म्या-निम्म्या ओळींच्या दोन फील्डमध्ये टिपण्याच्या पद्धतीचा, विचार करावा लागतो. व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या पाल चित्रणात सेकंदाला 50 फील्ड असतात. एका फील्डमध्ये विषम ओळी, पुढच्यात सम ओळी, आणि दोहोंमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग गेलेला असतो. मंगलाष्टके संपून अक्षता उधळल्या जातात तो क्षण संगणकावर थांबवून पाहिला, तर प्रत्येक दाण्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या दिसत असताना चित्र उभे ताणले किंवा आक्रसले, तर दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि पुढे त्या सुट्या करता येत नाहीत. म्हणून आधी डीइंटरलेस करावे, म्हणजे फील्डपासून सलग ओळींच्या पूर्ण फ्रेम बनवाव्यात, आणि मगच माप बदलावे. दादरच्या शिवाजी मंदिरासारख्या रंगमंचावरून व्हिडिओवर टिपलेले नाटक किंवा दहीहंडीचे थर प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून सेकंदाला 50 फ्रेम ठेवले, तर हालचाल मूळइतकीच सलग राहते. डीव्ही, म्हणजे अंकीय टेपच्या, कॅमेऱ्याच्या कॅसेटवरून बनवलेल्या डिस्कमध्ये सहसा खालचे, म्हणजे सम ओळींचे, फील्ड आधी येते; हा क्रम उलटा धरला गेला की चालणारी माणसे मागे-पुढे थरथरताना दिसतात. फिल्मवर चित्रित झालेल्या चित्रपटाची पाल डीव्हीडी मात्र बहुधा सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेमच्या वेगाने उतरवलेली असते आणि तिच्यात एका फ्रेमची दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात, त्यामुळे तिला डीइंटरलेसची गरज नसते.

फाइल साठवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत 720×576 हे माप तसेच ठेवून पिक्सेलाचे प्रमाण एमपीफोर किंवा एमकेव्ही फाइलमध्ये नोंदवले जाते आणि ताणण्याचे काम प्लेअरवर सोपवले जाते. हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये याला अ‍ॅनामॉर्फिक म्हणतात. यात चित्राला धक्का लागत नाही, म्हणून जतनासाठी हीच रीत श्रेयस्कर आहे. दुसऱ्या रीतीत चित्रच 768×576 किंवा 1024×576 असे चौरस पिक्सेलांत बदलले जाते. नातेवाइकांच्या मोबाइलवर पाठवायची किंवा जुन्या टीव्हीच्या यूएसबीवर लावायची फाइल अशी असलेली बरी, कारण ती खूण न वाचणारी उपकरणे अजून वापरात आहेत. रुंदी वाढवून प्रमाण साधावे. ओळी कमी करून 720×540 असे साधू नये, कारण त्यात हातातला तपशील उगाच जातो.

लॅमिंग्टन रोडपासून उपनगरांतल्या स्टुडिओंपर्यंत डीव्हीडी ‘एचडी’ करून देण्याची सेवा मिळते. 576 ओळींच्या 1080 केल्याने चेहऱ्यावर नवा तपशील येत नाही. मोठ्या पडद्यावर कडा थोड्या मऊ दिसतात, इतकाच लाभ होतो आणि फाइल मात्र अनेक पटींनी फुगते. असे करायचेच असेल तर 4:3 चित्र 1440×1080 करावे, बाजूंना पडणारी काळी जागा टीव्हीला स्वतः भरू द्यावी आणि संपूर्ण पडदा व्यापण्याच्या हट्टाने 1920 पर्यंत ताणू नये. शिवाय डीव्हीडीचे रंग एका मानकाप्रमाणे आणि एचडीचे दुसऱ्या मानकाप्रमाणे मांडलेले असतात. माप वाढवताना रंगांचे रूपांतर केले नाही, तर प्लेअर फाइलची उंची पाहून एचडीचे मानक गृहीत धरतो, आणि शालूचा लाल व बांगड्यांचा हिरवा हे दोन्ही रंग मुळापेक्षा किंचित सरकतात.

कोणतेही रूपांतर सुरू करण्यापूर्वी डिस्कची हुबेहूब आयएसओ प्रत, म्हणजे संपूर्ण डिस्क जशीच्या तशी उतरवलेली एकच फाइल, काढून ठेवावी. एका थराच्या डीव्हीडीत 4.7 गिगाबाइटपेक्षा जास्त काही मावत नाही, म्हणजे साध्या पेनड्राइव्हवरही अशा कित्येक प्रती बसतात. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर वर्षांगणिक क्षीण होत जातो, तर आयएसओमध्ये मूळ 576 ओळी, फील्डचा क्रम आणि प्रमाणाची खूण या तिन्ही गोष्टी शाबूत राहतात.